मराठीसाठी कोणता संगणक? रिद्धपूरच्या निमित्ताने एक आढावा

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. गोविंदप्रभूंचे वास्तव्य याच गावातले. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या आणि इथेच लीळाचरित्र सिद्ध केले. २०२४मध्ये या गावात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आता इथे प्रबंध लिहिले जातील, पोथ्या स्कॅन होतील, कोशांची कामे निघतील, आणि यातले जवळपास सगळे संगणकावर होईल. त्यामुळे एरवी दुकानाच्या काउंटरवर विचारला जाणारा एक प्रश्न इथे गांभीर्याने घ्यावासा वाटतो. मराठीत काम करणाऱ्याने कोणता संगणक घ्यावा, त्यात काय टाकावे आणि काय टाळावे?

संगणकाची आवड असलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचे लोक कायम विचारतात. रॅम किती घेऊ, प्रोसेसर कोणता, विंडोज ठेवू की लिनक्स टाकू? या चर्चेचा सगळा रोख वेगावर असतो. माझ्या मते वेगाचा नंबर दुसरा. आज लिहिलेला मजकूर वीस वर्षांनी, वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाला उघडता येईल का, त्यात शब्द शोधता येईल का, चूक दुरुस्त करता येईल का, हे आधी पाहावे. पुढचा सगळा आढावा याच कसोटीवर घेतला आहे.

कुलूपबंद मजकूर

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे पंथाबाहेरच्या वाचकाला हे वाङ्मय शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली आणि प्राचीन मराठी गद्याचे भांडार अभ्यासकांपुढे खुले झाले.

ते कुलूप जाणूनबुजून लावलेले होते. १९९०नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपण असेच एक कुलूप नकळत लावून बसलो. त्या काळातले बहुतेक मराठी टंकन ज्या फॉन्टांत झाले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फाइलमध्ये एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्थहीन चिन्हांच्या रांगा दिसतात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टात वाचता येत नाही. दिवाळी अंक, स्थानिक साप्ताहिके, गावांचे इतिहास, शाळांच्या स्मरणिका, प्रबंध असे कितीतरी लेखन आजही अशा फाइलींत अडकलेले आहे. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याकडे अशा सीडी आणि हार्डडिस्क सापडतील.

इथवर कसे आलो

या प्रश्नावर काम करणाऱ्यांत आपली माणसे आघाडीवर होती. सी-डॅक ही संस्था १९८८मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्याचे, मुरंबा गावचे. ‘परम ८०००’ हा १९९१चा महासंगणक सर्वांना माहीत आहे. मराठी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने त्याच संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान तितकेच महत्त्वाचे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम सी-डॅकने पुढे नेले. डॉसवर चालणाऱ्या साध्या पीसीत जिस्ट कार्ड बसवले की भारतीय लिप्यांत लिहिता येत असे. १९९१मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या साठवणीचे मानक आले. इनस्क्रिप्ट कळफलकाची आखणीही याच काळातली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१चीच. तिची देवनागरीची मांडणी इस्कीच्या धर्तीवर झाली. सर्वसामान्य संगणकावर मात्र ती विंडोज २०००मधून आली. त्यातला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. म्हणजे पंचवीस वर्षांपासून मराठीसाठी एक सामायिक, प्रमाणित पद्धत उपलब्ध आहे. तरीही छपाईचा व्यवसाय जुन्या फॉन्टांवर रेंगाळला, आणि तो दोष डीटीपीवाल्यांचा नाही. त्यांचे मुख्य हत्यार पेजमेकर. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१मध्ये आली आणि तिला देवनागरी युनिकोड मांडता येत नव्हते. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरांची नीट मांडणी सहज हाताशी यायला २०१२ची सीएस६ आवृत्ती उजाडली. तोवर बसलेला हात, घेतलेले फॉन्ट आणि छापखान्याची सवय सहजासहजी मोडणार कशी?

युनिकोडमुळे फरक काय पडतो, ते गावाच्या नावावरूनच पाहू. ‘रिद्धपूर’ युनिकोडमध्ये आठ खुणांनी साठवले जाते: र, इकार, द, हलन्त, ध, प, ऊकार, र. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे एकूण चोवीस. पहिली वेलांटी डोळ्यांना ‘र’च्या आधी दिसत असली तरी साठवणीत ती ‘र’नंतर येते, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. जुन्या फॉन्टांत ती दिसते तशी आधी टाकावी लागे. उच्चाराच्या क्रमाने साठवल्यामुळेच संगणक शब्द शोधू शकतो, अकारविल्हे लावू शकतो, वाचून दाखवू शकतो.

यंत्र: उन्हाचा आणि लाइनीचा हिशेब

यंत्र निवडताना जाहिरातीआधी मे महिना आठवावा. अकोला-अमरावतीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी हवेचे कमाल तापमान साधारण ३५ अंश दिलेले असते. टिनाच्या छताखालच्या खोलीत ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. सर्वांत महाग प्रोसेसर घेऊन तो अशा खोलीत ठेवला, तर दिलेल्या पैशांचा बराच भाग उन्हाळ्यात वाया जातो. म्हणून लेखन, संपादन, कार्यालयीन कामासाठी मधल्या श्रेणीचा प्रोसेसर पुरे. वाचलेले पैसे रॅम, एसएसडी आणि विजेच्या सोयीवर घालावेत.

आज नवीन यंत्र घ्यायचे तर १६ जीबी रॅम घ्यावी. जुन्या यंत्रात ८ जीबी केली तरी लेखनाचे काम नीट चालते. जुन्या संगणकाला नवे आयुष्य देणारा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणे. सुरू व्हायला काही मिनिटे घेणारे यंत्र त्यानंतर अर्ध्या मिनिटात कामाला लागते. शाळेतले किंवा ग्रामपंचायतीतले जुने संगणक भंगारात काढण्याआधी हा प्रयोग जरूर करावा.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लाइन जाते तेव्हा लिहीत असलेले पान जाते, कधी पूर्ण फाइल बिघडते. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे वीज बदलताना संगणक बंद पडत नाही. बॅटरी उन्हापासून दूर ठेवा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे होते. कूलरचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नका. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कूलरमधून उडणाऱ्या तुषारांबरोबर क्षारही येतात आणि ते सर्किटवर बसतात. पावसाळा संपला की एकदा आतली धूळ साफ करून घ्यावी. हे सगळे दुकानदार सांगत नाही, पण इथल्या हवेत यंत्र किती वर्षे टिकेल ते यावरच ठरते.

विंडोज की लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. परिणामी उत्तम चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेने जुनी ठरली. मला हे मान्य नाही. एखाद्या परदेशी कंपनीच्या वेळापत्रकाने आपल्या शाळेतला संगणक निकामी ठरू नये.

म्हणून माझा सल्ला कामाप्रमाणे बदलतो. सेवा केंद्र चालवणाऱ्याने विंडोजच ठेवावे, कारण डिजिटल सहीचे टोकन, अंगठ्याचे यंत्र यांची सॉफ्टवेअरे बहुधा विंडोज गृहीत धरतात. ज्याला लिहायचे, वाचायचे, इंटरनेट पाहायचे आहे, त्याच्या जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट टाकावे. मराठी युनिकोड, इनस्क्रिप्ट आणि लिबरऑफिस तिथे उत्तम चालतात, आणि परवान्याचा खर्च नाही. पेनड्राइव्हवरून चोरीचे विंडोज टाकण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. त्याबरोबर येणारे क्रॅक म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती दिलेली घराची किल्ली असते.

कळफलक आणि फॉन्ट

टायपिंगबद्दल माझे मत ठाम आहे: नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’च्याच कळीवर शिफ्टने ‘ख’. आठवड्याभरात हात बसू लागतो, आणि ही मांडणी विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे सारखी मिळते. रेमिंग्टनवर वेग असलेल्या जुन्या टायपिस्टने ती मांडणी सोडण्याची गरज नाही. तिच्यातून युनिकोड उमटवणारी साधने आहेत. रोमनमधून मराठी लिहिण्याची सोय चार ओळींच्या निरोपाला ठीक. रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्याला ती मंद पडते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय यंत्राच्या अंदाजावर सोडते. मोबाइलवर जीबोर्ड आहे, आणि आयआयटी मुंबईचा २०१३चा ‘स्वरचक्र’ हा तर आपल्या वर्णमालेच्या रचनेवरच बेतलेला कळफलक आहे.

मराठीच्या काही खास गरजा आहेत. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेताना एक सापडतो, दुसरा निसटतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबले की ‘ऱ’ मिळतो, तोच वापरावा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवत, म्हणून ‘अॅप’ आणि ‘ॲप’ आजही वेगळे शब्द ठरतात. कोश, सूची, ग्रंथालयाचा कॅटलॉग करणाऱ्याने हे नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाकावेत.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. नोटोसारख्या फॉन्टांत ही रूपे आत दडलेली असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की ती आपोआप उमटतात. अनेक कार्यालयांत ही एवढी निवड न केल्यामुळे मराठी कागदपत्रे हिंदी वळणाची दिसतात. एक टाइपचे मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, टिरो देवनागरी मराठी असे दर्जेदार युनिकोड फॉन्ट आज विनामूल्य आहेत. ‘युनिकोडमध्ये चांगले फॉन्ट नाहीत’ हे कारण आता चालणार नाही.

लेखनाचे सॉफ्टवेअर

वर्ड आणि लिबरऑफिस दोन्ही मराठीसाठी वापरण्याजोगे आहेत. २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस सर्व मंचांवर हार्फबझ हे मांडणी-यंत्र वापरते, त्यामुळे जोडाक्षरे विंडोज आणि लिनक्सवर सारखी दिसतात. फाइल ओडीटी किंवा डॉक्सएक्स स्वरूपात ठेवावी. पीडीएफ वाचायला द्यावी, पण मूळ म्हणून तीच एक ठेवू नये, कारण पीडीएफमधून देवनागरी मजकूर उचलला की तो अनेकदा विस्कटतो.

शुद्धलेखन तपासणी ही आपली दुबळी बाजू. कारण भाषेच्या रचनेतच आहे. ‘रिद्धपुरातल्यांनाही’ हा एकच शब्द घ्या. मूळ ‘रिद्धपूर’, सामान्यरूपात ‘पू’चा ‘पु’, त्यावर ‘आत’, ‘ला’चे अनेकवचन, ‘ना’ आणि ‘ही’. एकेका नामाची अशी कितीतरी रूपे होतात. निव्वळ शब्दयादीवर चालणारा तपासनीस त्यांतली अर्धी रूपे लाल करून सोडतो आणि लेखक वैतागून तपासणीच बंद करतो. इथे व्याकरण आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्यांनी एकत्र बसायला हवे. भाषेच्या विद्यापीठाला याहून उपयोगी पहिला प्रकल्प मला दिसत नाही.

पोथी ते मजकूर

रिद्धपूरच्या दृष्टीने हा कळीचा भाग. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत, न दाबता साठवले तर साधारण २६ एमबी होते. ६०० डीपीआयने १०४ एमबी. तीनशे पानांची पोथी दुसऱ्या प्रकारे ३१ जीबी घेते. छापील पुस्तकाला ३०० पुरेसे. हस्तलिखिताला जास्त घ्यावे, कारण जीर्ण कागद पुन्हा पुन्हा हाताळता येत नाही. पोथी उलटी दाबायला लावणारा सपाट स्कॅनर टाळावा आणि वरून छायाचित्र घेणारी यंत्रणा वापरावी.

छापील मराठी ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हे खुले सॉफ्टवेअर आहे. एचपी कंपनीत जन्मलेले आणि २००५मध्ये खुले झालेले हे साधन २०१८च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल पद्धतीवर गेले, आणि मराठीचा निकाल सुधारला. स्वच्छ छपाई असेल तर ते पुनर्टंकनाचा बराच भार हलका करते, पण मुद्रितशोधन माणसानेच करावे लागते. हस्तलिखित पोथीपुढे ते हतबल आहे. अक्षराचे वळण वेगळे, शब्दांमध्ये जागा नाही, शाई पसरलेली. यासाठी त्याच वळणाची, जाणकारांनी वाचून लिहिलेली पाने यंत्राला शिकवावी लागतात. अशी वाचणारी माणसे महानुभाव मठांत आणि विद्यापीठांत आज आहेत. त्यांच्या हयातीत हा नमुनासंग्रह तयार झाला पाहिजे. मोडीला २०१४मध्ये युनिकोड ७.०त स्वतंत्र जागा मिळाली आहे. तिथेही हाच मार्ग.

ऐकणारा आणि भाषांतर करणारा संगणक

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गदारोळात मराठीची स्थिती वाटते तेवढी वाईट नाही. केंद्र सरकारचा भाषिणी उपक्रम २०२२चा. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने २०२३मध्ये इंडिकट्रान्स२ हे बावीस अनुसूचित भाषांचे भाषांतर-प्रारूप खुले केले. पुण्याच्या एलथ्रीक्यूबने मराठी मजकुराचा संग्रह आणि त्यावर शिकवलेली प्रारूपे उपलब्ध केली. मराठीला एक आर्थिक भुर्दंड मात्र पडत आला आहे. ही प्रारूपे मजकुराचे तुकडे मोजतात आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. ओपनएआयने मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ आणताना दिलेल्या उदाहरणात एका मराठी वाक्याचे ९६ तुकडे ३३वर आले. दिशा बरोबर आहे, दरी अजून पूर्ण बुजलेली नाही.

वऱ्हाडीचे मात्र हाल आहेत. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणणाऱ्या माणसाचे बोलणे श्रुतलेखन यंत्र प्रमाण मराठीत ओढते किंवा चुकीचे उतरवते. यंत्राने वऱ्हाडी पुरेशी ऐकलेलीच नाही. बोलणाऱ्यांची संमती घेऊन, गाव आणि वय नोंदवून वऱ्हाडीचे ध्वनिमुद्रण करणे आणि ते खुले ठेवणे, हे काम पुण्या-मुंबईतून होणार नाही. ते अमरावती-अकोल्यातूनच व्हायला हवे.

रोजच्या वापरापुरते माझे मत असे: मसुदा तपासायला, इंग्रजी लेखाचा आशय समजून घ्यायला ही साधने वापरावीत. पुरावा म्हणून कधीही वापरू नयेत. प्राचीन मराठीबद्दल विचारले की ती नसलेली अवतरणे आत्मविश्वासाने रचून देतात. संशोधनात असे एक अवतरण शिरले की पुढच्या दहा प्रबंधांत ते फिरत राहते.

साठवण

लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. तो मजकूर एकाहून अधिक माणसांजवळ होता, म्हणून तो वाचला. आजचा नियमही हाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी.

एसएसडी कामासाठी उत्तम, पण कपाटात ठेवायला नाही. साध्या एसएसडीच्या मानकात, भरपूर वापर होऊन आयुष्य संपत आलेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरावी एवढीच अपेक्षा आहे. उष्णता वाढली की ही मुदत घटते. आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात पडलेल्या एसएसडीवर किंवा पेनड्राइव्हवर विसंबू नये. दीर्घ साठवणीला हार्डडिस्क बरी, तीही दर सहा महिन्यांनी लावून तपासलेली.

आता काय करावे

घरच्या आणि कार्यालयाच्या वाचकाला सांगणे थोडेच: मधला प्रोसेसर, भरपूर रॅम, एसएसडी, यूपीएस, इनस्क्रिप्ट, युनिकोड, मराठी भाषा निवडलेली, आणि तीन प्रती. यापलीकडच्या खर्चाला वेगळे कारण असावे.

विद्यापीठ, जिल्हा ग्रंथालये आणि साहित्य संस्थांकडे मागणी मोठी आहे. तालुक्यातालुक्यांत डीटीपी केंद्रांकडे पडलेल्या जुन्या फाइली, त्यांच्या फॉन्टांसह, गोळा करून युनिकोडमध्ये आणणारा कक्ष रिद्धपूरला सुरू करावा. रूपांतराची साधने आहेत, काम जाणणारे जुने ऑपरेटर आहेत, त्यांना रोजगारही मिळेल. रूपांतरित मजकूर, मालकांच्या परवानगीने, सर्वांना खुला ठेवावा. ते ऑपरेटर आता निवृत्तीच्या वयात आहेत, त्या हार्डडिस्क बंद पडत आहेत आणि ते फॉन्ट चालवणारी यंत्रे भंगारात जात आहेत. सकळ लिपीची किल्ली मिळायला राजवाड्यांची वाट पाहावी लागली. या फाइलींच्या किल्ल्या आज आपल्याच हातात आहेत, आणि त्या वापरायला फार तर दहा वर्षे उरली आहेत.